एकतीस नंबरची कॅसेट

आई, गेल्या आठवड्यात तुझं कपाट उघडलं. खालच्या मजल्यावर चोरी झाल्यापासून बाबांनी घरातल्या वस्तूंचा विमा उतरवायचं मनावर घेतलंय, आणि कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेल्या मुलाला काहीतरी काम हवं म्हणून यादी माझ्या गळ्यात. तुझ्या कॅसेटी, सीड्या, टेपरेकॉर्डर. प्रत्येकाचा फोटो, नंबर, स्थिती. यादीची एक प्रत घराबाहेर ठेवायची, म्हणजे घर साफ झालं तरी पुरावा राहतो. घरी भरलेली कॅसेट मात्र कोरी म्हणूनच धरतात, असं इथला तमिळ एजंट फोनवर म्हणाला. माझं डोकं फिरलं. आतल्या आवाजाचं काय, म्हणून ओरडलो त्याच्यावर. तो थंडपणे म्हणाला, "सार, आवाज कशात मोजू?"

मी आठ वर्षांचा असताना तू रेडिओवरून भरून घेतलेल्या गाण्यावर गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणं भरलं होतं, आठवतं? तू मारलं नाहीस. ओट्यापाशी बसून केसातल्या आकड्याने एकेका कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही दात, एका बाजूचा एक, तोडत राहिलीस. कुकर शिट्ट्या मारतोय, प्लास्टिकचे दात ताटलीत टपटप पडताहेत, आणि तू माझ्याकडे न बघता म्हणतेस, "दात पाडले की वर काही भरता येत नाही. आता भुंक." मी हसत सुटलो होतो.

तर तुझ्या कॅसेटींच्या वहीवरून नंबर जुळवत होतो. तीस आहे, बत्तीस आहे, एकतीस नाही. वहीत एकतीससमोर तुझ्या अक्षरात लिहिलंय, "माझा आवाज. दवाखान्यात जायच्या आधी. दोन्ही बाजू. तो मोठा झाल्यावर द्यायची." शोधायचं थांबवलं. कारण एकतीस कुठे आहे ते मला माहीत होतं. गेल्या वर्षी मीच ती वर्गातल्या एका मुलीला दिली. फोनवर काय, कुणीही बोलतं, असं ती म्हणाली होती. मग मला काहीतरी वेगळं करायचं होतं. कॅसेटवर नाव नव्हतं, नुसता आकडा. तुटलेल्या दाताच्या भोकावर सेलोटेप चिकटवला आणि माझी बडबड भरली. काय बोललो तेही आठवतंय, आई. मला माझ्या आईचा आवाज आठवत नाही, असं मी तिला सांगत होतो. तुझ्याच आवाजावर.

पुढे मी कॉलेज सोडलं, ती परत जा म्हणाली, आणि मांबलम स्टेशनच्या जिन्यावर चारचौघांत भांडून, पुन्हा तोंड बघणार नाही असं मीच तिला सुनावलं. त्या दिवशी वही हातात घेऊन तडक तिच्या घराकडची मैलापूरची बस धरली.

दार तिनेच उघडलं. आत ये म्हणाली नाही. मी जिन्यातच एका दमात सगळं सांगून टाकलं.  मग ती तमिळमध्ये हळूच म्हणाली, "डेय, अरे दुसरी बाजू तू ऐकलीच नाहीस?" सेलोटेप मी एकाच भोकावर लावला होता. दुसरी बाजू तशीच होती. तिच्या आजोबांच्या टेपवर तिने ती इतकी ऐकली होती की अर्थ न कळताच पाठ झाली होती. मी मुद्दाम ठेवलीय असं तिला वाटलं होतं. आणि मग तिच्या तमिळ तोंडून मराठी आलं, "लाल दिवा लागलाय. म्हणजे ऐकतोयस नाऽ?"

मी पायरीवर खाली बसलो. आवाज तिचा होता, पण तो लांबवलेला 'ना' तुझा. असा 'ना' दहा वर्षांत मला कुणी म्हटला नव्हता.

यादी पूर्ण झाली. एकतीससमोर लिहिलंय, "चालू स्थितीत. घराबाहेर ठेवली आहे." विम्यासाठी तसंच करायचं असेल, असं बाबांना वाटतंय. टेपरेकॉर्डर तर आपल्याच घरात आहे, आणि तिने कॅसेट दोनदा माझ्या हातात दिली होती. दोन्ही वेळा मी ती विसरल्यासारखं करून तिच्या जिन्यातच ठेवून आलो, आई. परत जायला काहीतरी कारण हवं ना.