माझ्या घरची दवंडी

मु. पो. धनज, जि. अकोला
दि. ६ सप्टेंबर १९७४

चि. अंजनास बाबांचा जयभीम.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. मूग तोडून झाला, पाऊसही यंदा हवा तसा आहे. शेजारची भागिरथा दोन्ही वेळा भाकरी देऊन जाते, तेव्हा 'बाबा, जेवता की नाही' हा प्रश्न यापुढे नको. दमा ठीक आहे.

तू लिहिलंस की विलायतेच्या एका दवाखान्यानं तुला नर्स म्हणून निवडलं आहे. राहायला स्वतःची खोली, नळाला गरम पाणी, पुढं शिकायची सोय. हे सगळं अर्ध्या पानात उरकलंस. उरलेलं दीड पान तू का जाणार नाहीस, ते. आई गेली, बाबा एकटे, बाबांचा दमा. पंधरा तारखेला नागपुरात मेट्रनबाईंना नकार कळवणार, आणि तोवर गावात कोणाला सांगू नका म्हणे. फार शहाणी झालीस.

तर, गावाला कळलं आहे. कसं कळलं म्हणशील, तर गावात गोष्टी कळतातच. पोस्टमनलाही तोंड असतं.

जाऊ दे, त्या गरिबावर आळ कशाला घालू? माझ्याकडूनच कळलं. बोलता बोलता निघून गेलं. म्हणजे जरा मोठ्यानं बोललो.

अंजना, मी दवंडी दिली.

रागावू नकोस, पुढं वाच. छप्पन साली दीक्षा घेऊन आलो तेव्हा मी माझं डफडं पाटलांच्या ओट्यावर ठेवलं आणि सांगितलं, आजपासून दवंडी बंद, दुसरा माणूस पाहा. तू चार वर्षांची होतीस. ही गोष्ट मी तुला शंभरदा सांगितली, आणि दर वेळी छाती काढून सांगितली. त्या डफड्याला मी परवाही हात लावलेला नाही, एवढं लक्षात घे. घरचं पितळेचं ताट घेतलं आणि लाटणं. ताटाला पोचे पडले, ते खरं.

पण सवय बघ कशी असते. पहिल्याच चौकात तोंडातून निघालं, "ऐका हो ऐकाऽ, सरकारचा हुकूम हाय होऽ!" लोक घाबरून दारात आले, त्यांना वाटलं जमिनीची मोजणी आली. मग सावरलो. "हुकूम नाही! पुंजाजीची पोरगी अंजना नर्स होऊन इलायतेले चालली होऽ! इमानात बसून चालली होऽ!" आणि शेवटी पुन्हा सवयीनंच ओरडलो की मागाहून कोणाची तक्रार चालणार नाही.

भागिरथा हातातलं घमेलं टाकून धावत आली. "काय हो भाऊजी, तिथं पाणी कुठून आना लागते?"

मी म्हटलं, "भिंतीतल्या नळातून येते. गरम आन थंडं."

"मंग पोरीनं काहून नाही जावं? नसन जात तं मले धाडा!"

पुढं बापूराव पाटील ओट्यावर बसले होते. त्यांच्याच वडिलांसमोर मी ते डफडं ठेवलं होतं. म्हणाले, "पुंजाजी, इतक्या सालानं दवंडी? ये, वर बस, च्या घे." त्या ओट्यावर मला कोणी 'बस' म्हटल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, "बसत नाही पाटील, अजून अर्धं गाव राह्यलं." आणि निघालो पुढं. काय सांगू तुला, असा चाललो! विहिरीपाशी दोनदा दम लागला, तेवढं सोड.

पूर्वी मी काय ओरडत होतो? सारा भरा, लिलाव आहे, गुरं कोंडवाड्यात आहेत. दुसऱ्यांचे निरोप दुसऱ्यांच्या दारात, तेही बाहेर उभं राहून. परवा पहिल्यांदा माझ्या घरची गोष्ट सांगितली आणि सगळ्या गावानं ती ऐकून घेतली. मला फार अभिमान वाटला, पोरी.

पण हे मी आनंदाच्या भरात केलं असं समजू नकोस. तुझं पत्र वाचून मला दोन दिवस बरं वाटत होतं. पोरगी राहते, बापासाठी राहते. बुधवारी सकाळी मी कागद घेऊन बसलो, आणि 'ठीक आहे बेटा, नको जाऊस' एवढं लिहूनही टाकलं. मग ते वाचलं. स्वतःची लाज वाटली. कागद फाडला, पण उद्या पुन्हा तेच लिहीन अशी धास्ती बसली. माझा मलाच भरवसा वाटेना, म्हणून ताट उचललं. धनजात दिलेली दवंडी आजवर कोणी मागं घेतलेली नाही. आता तुलाही नाही म्हणता येत नाही आणि मलाही.

पंधरा तारखेला मेट्रनबाईंना हो सांग. मान वर करून सांग.

तू गेलीस की मला करमणार नाही. हे गावात ओरडलो नाही, तुलाच सांगतो. तरीही जा.

अंजनाचा बाप,
पुंजाजी