दाव्याला गुंडाळलेलं लुगडं

माय, तू मेली अन् सुटली, अन् हे सारं माह्या गळ्यात टाकून गेली. आज सकाळपासून तीनदा दादाचं, तुह्या नवऱ्याचं, धोतर बदललं. तिसऱ्यांदा त्यानं माह्या हाताला चावा घेतला, अन् वरून मलाच इचारतो, "बाई, तुमी कुणाच्या? आमची कारभारीण कुठं गेली?" कारभारीण म्हणजे तू. आधी मी खरं सांगायची, दादा, माय जाऊन बारा वर्षं झाली. तर दर वेळी नव्यानं ऊर बडवून रडायचा, जसं काही आत्ताच तिरडी उचलली. आता सांगते, शेतात गेली. "येवढ्या उन्हात? काहून जाऊ दिलं?" म्हणून मलाच शिव्या. तू जित्ती असताना कधी उन्हातान्हाचं इचारलं का गं त्यानं तुला?

हिंगोलीच्या डॉक्टरनं आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, डिमेन्शिया. म्हणाला, विसरण्याचा आजार आहे, बरा होत न्हाई, सांभाळावं लागतं. भाऊ शेजारीच बसला होता, पण सांभाळावं लागतं म्हणताना डॉक्टरनं पाहिलं माह्याकडं. भाऊ पुण्याला कंपनीत, अन् नवऱ्यानं टाकलेली बहीण घरात आयती आहे, मंग कुणाला काय तकलीफ. मागच्या महिन्यात शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली, घरात असं माणूस सांभाळणाऱ्या बायांची. तालुक्याहून दोन मॅडम आल्या. आमाला गोल बसवलं, चहा दिला, रंगीत कागद वाटले. एक मॅडम म्हणे, "ताई, दिवसातून थोडा वेळ स्वतःसाठी काढा." मी म्हणलं, "कुठून काढू? आडातून? इथं येऊन बसले तर घरी दादाचं काय करून आले, ते इचारा की आधी." तिनं खरंच इचारलं, "काय करून आलात?" मी रंगीत कागदाची घडी घातली. गावातली दवाखान्याची आशाताई शेजारी बसली होती, तिनं मान खाली घातली. तिला माहीत होतं. दादाच्या कमरेला दावं बांधून, दुसरं टोक खाटेला अडकवून मी बैठकीला आले होते.

न बांधून काय करू? बैलं इकून किती साल झाले, पण त्याच्या डोक्यात बैल रोज सुटतो. उन्हाळ्यात असाच निघाला अन् आखाडा बाळापूरच्या रोडवर ट्रकासमोर हात पसरून उभा राहिला, बैल आडवायला. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नायलॉनचं दावं आणलं. अन् बांधायचं कसं, ते मला कुणी शिकवायची गरज न्हवती. तुह्याकडूनच शिकले होते.

आजीचं असंच झालं होतं. तवा आजार म्हणत न्हवते, म्हातारीला भूल पडली म्हणायचे. तू शेतात निंदायला जायची, म्हणून मला तिसरीतून काढून उंबऱ्यात बसवलं. "आजी भाईर गेली तर तुही टांग तोडीन." झालं माहं शिक्षण. मंग एक दिवस तू गोठ्यातलं दावं आणलं अन् आजीला खाटेला बांधलं. त्या साली पोळ्याला आत्या आली. मी तिच्या कुशीत शिरून सांगितलं, माय आजीला गुरासारखं बांधते. आत्यानं सारी गल्ली गोळा केली, "माह्या मायचं जनावर केलं हिनं, बघा!" दादानं तेच दावं सोडलं अन् तुह्या पाठीत हाणलं, सणाच्या दिवशी, बैलं सजून दारात उभी असताना. तू वरडली न्हाई. तव्यावर पोळी जळून राहिली होती. तू माह्याकडं पाहून येवढंच म्हणाली, "पोळी उलट." मी उलटली. त्यानंतर मरेपर्यंत तू त्या गोष्टीचा एक शब्द काढला न्हाई. काहून काढला न्हाई? दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळी झाले असते.

मी आत्याला एक गोष्ट सांगितलीच न्हवती. तू तुहं जुनं, मऊ झालेलं लुगडं फाडून त्या दाव्याला गुंडाळलं होतं, आजीच्या कमरेला काचू नये म्हणून. ते मी पाहिलं होतं. पण पाहिलेलं मला आठवलं कधी, तर दादाच्या कमरेवर लाल वळ उमटलेला दिसला तवा.

गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या सांजेला तो वाटीत तूप अन् हळद घेऊन घरभर फिरत होता. बैल कुठून येणार? मी चुलीपुढं बसले होते. मागून आला अन् माह्याच खांद्याला तूप-हळद चोळायला लागला, बराबर बैलाला चोळतात तसं, हळूहळू, मानेपासून खाली. "लई ओढलं रे तू यंदा," म्हणाला. मी उठले न्हाई. जलमात पहिल्यांदा त्यानं मला असं म्हणलं, अन् तेही बैल समजून. हसू का रडू, तूच सांग.

बैठक झाल्यावर आशाताई घरी आली. मला वाटलं बोल लावती आता. तर दाव्याकडं पाहून म्हणे, "अक्का, दर बुधवारी दुपारी मी बसते दोन घंटे. तू पड जरा." मी पडले ती मेल्यासारखी झोपले. तिनंच ही वही दिली, दादा कवा उठतो, कवा खवळतो, ते रोज लिहायला. बुधवार गेला की सहा दिवस पुन्हा मीच हाये. तुला तर बुधवार बी न्हवता, माय. तुहा बुधवार म्हणजे मी होते, उंबऱ्यात बसवलेली.

परवा भावाचा फोन आला, पोळ्याला येऊन राहिलो. म्हणे, "दादाला नीट ठेव. तुला झेपत नसंल तर मी पुण्याला आश्रमात टाकतो अन् घराला कुलूप लावतो." कुलूप लागलं की मी कुठं जाऊ, हे त्याला फोनवर सुचलं न्हाई. वहिनी दादाचा सदरा बदलायला जाईल, वळ दिसंल, अन् मंग गल्ली गोळा व्हायला कितीक वेळ. काल मी पेटीतून तुहं हिरवं लुगडं काढलं, आठवणीला म्हणून ठेवलेलं. फाडलं अन् दाव्याला गुंडाळलं. दादानं ते कापड चाचपलं, नाकाला लावलं अन् म्हणाला, "आली व्हय शेतातून?" मंग तासभर उठला न्हाई. बांधलेलाच होता, पण ओढलं न्हाई त्यानं.

हे पान मी फाडून घेणार हाये, आशाताई वही बघती. म्हणून लिहूनच टाकते. तू दावं आणलं त्याच्या आदल्या दिवशी मी उंबऱ्यात न्हवते. शाळेच्या खिडकीला लटकून पोरांची कविता ऐकत होते. तेवढ्यात आजी आडावर गेली, अन् पाणी भरणाऱ्या बायांनी धरली म्हणून वाचली. तू इचारलं तवा मी म्हणलं, मी इथंच होते, माह्या हाताला हिसडा देऊन पळाली. म्हणून तू बांधलं. म्हणून तुला मार पडला. मी आत्याला दावं सांगितलं, खिडकी न्हाई सांगितली.

"पोळी उलट" म्हणाली, तवा तुला हे ठाऊक होतं का? अन् भाऊ आल्यावर हे दावं लपवू, का तसंच राहू देऊन त्याला म्हणू, बस इथं एक दिवस? खांदेमळणीच्या सांजेपर्यंत सांग. दुसऱ्या दिवशी भाऊ दारात उभा राहील, अन् मला पोळ्या करायच्या हायेत.