मुलींच्या खोलीची खिडकी

नागपूर, १२ एप्रिल १९३६

प्रिय सुभद्रेस,

तुझ्या भिवापूरच्या मिरच्या पोहोचल्या. पहिल्याच भाजीने मला दोन तांबे पाणी पाजलं. माझी पत्रं येत नाहीत म्हणून तू मुद्दाम तिखट निवडून पाठवलंस, असं तुझ्या वहिनीचं मत आहे.

पत्र राहिलं ते कॉलेजच्या नव्या इमारतीपायी. नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या काळ्या दगडी इमारतीशेजारी उभं राहायचं म्हणजे नव्या सुनेचं काम, थोरलीचा मान राखून आपलं घर चालवायचं. कमानींची उंची जुनीच ठेवली, आणि वैशाखात पोरं भाजून निघू नयेत म्हणून पश्चिमेला खोल व्हरांडा दिला. फसलो ते मुलींच्या खोलीत. तासांच्या मधे त्यांना बसायला, वाचायला कमिटीने एक खोली सांगितली होती. मी ती मोठ्या विचाराने मागे, जिन्याआड काढली. तुझ्या वहिनीला नकाशातलं काही कळत नाही, असा माझा सात वर्षांचा समज. जमिनीवर पसरलेला कागद वाकून बघत ती म्हणाली, "हे तं आपलं माजघरच काढलं तुम्ही. खिडकी काहून नाही? पोरी शिकून राहिल्या का लपून राहिल्या?" मला लाज वाटली. बायकांची खोली म्हटल्यावर हात आपोआप अंधाराकडे गेला होता.

मग ती खोली पुढे, वाचनालयाला लागून आणली आणि उत्तरेला तीन खिडक्या दिल्या. कमिटीतले मनोहरराव बिथरले. मुली रस्त्यावरून दिसतील, खोली मागे न्या नाहीतर गाळून टाका म्हणाले. मी आजवर कमिटीपुढे फक्त नकाशे गुंडाळत आलो, पण परवा बोललो. मागच्या खोलीत भर दुपारी कंदील लावून वाचावं लागेल, असं सांगितलं. बराच खल झाला आणि खिडक्या राहिल्या. दिवाळीनंतर पाया खोदायचा आहे.

गेल्या आठवड्यात रूपराव बाजारासाठी आले होते, ते जेवायला आमच्याकडेच थांबले. तुला अजून शिकायचं आहे आणि नवरा म्हणून त्यांची आडकाठी नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. भला माणूस आहे. मग म्हणाले, "तवा कॉलेजात पोरींले जागाच नव्हती म्हणते तुमची बहीण."

सुभद्रा, जागा होती. तू मॅट्रिक झालीस तेव्हा बाबांनी मला चौकशीला पाठवलं, आणि कारकुनाने प्रवेशाचा अर्ज माझ्या हातात दिला होता. मी इंटरला दुसऱ्यांदा नापास झालो होतो. धाकटी बहीण पुढे निघून जाईल, हे मला सोसवलं नाही. मी अर्ज वाटेतच फाडला आणि घरी येऊन खोटं सांगितलं. नऊ वर्षं तू ते खरं मानलंस. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. सोबत नवा अर्ज पाठवतोय. इमारत उठायला दोन वर्षं लागतील, पण प्रवेश या जुलैतच आहे, आणि वयाची अट नाही हे मी स्वतः विचारून आलो. राहायला आमच्याकडे ये. तुला मला काय बोलायचं ते इथे येऊन बोल, पण अर्ज आधी भर.

तुझाच,
देवरावदादा