दानबीनं सांगितलेली गोष्ट

ह्वांगगोक, ३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला सुका मासा पोचला. खोलीला अजून वास येतोय. बाकी सगळं ठीक, वर्गातली दानबी सोडून. तिसरीतली पोर, आई व्हिएतनामची, बाप मालट्रकवर. स्वतःच्या नावापलीकडे एक शब्द वाचता येत नाही. श्रुतलेखनाला पेन्सिल कुरतडत बसते. हेडमास्तर म्हणतात, आई परकी म्हणून उशीर होतोय, येईल हळूहळू. पहिलीपासून हेच चाललंय! आजी तर सगळं खापर सुनेच्या माथी फोडते. घरात तिची भाषा उच्चारायलाच बंदी.

मी भांडून तिच्या बुद्धीची तपासणी मंजूर करून घेतली, पण ती आहे कोरियन भाषेत. पोर त्यात अडली, तर मतिमंद ठरवून लांबच्या शाळेत धाडतील. मला भीती वाटते. काय करू?

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर येऊ दे.
तुझी यॉनसू

मोक्पो, ९ सप्टेंबर

चि. यॉनसूस,
अ. उ. आ.

वास येतो म्हणतेस आणि मासा फस्त करतेस, वा! उभा जन्म असली पोरं शिकवली, म्हणून सांगते. तेल आणि तांदूळ एका मापानं मोजू नयेत. आईला बोलाव, दुभाषा मिळव. आईनं आपल्या भाषेत गोष्ट सांगावी, पोरीनं ती परत सांगावी. सांगितली, तर डोकं शाबूत आहे, अडलंय ते अक्षरांशी. मग तुझ्याच शाळेत तिला वेगळं शिकवता येईल. बंदीचं म्हणशील, तर सासूच्या माघारी कोणती आई लेकराशी कुजबुजत नाही?

तपासनिसांपुढे आवाज चढवू नकोस. तुझा बापही असाच तापट.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
आत्या

ह्वांगगोक, २७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं सगळं ऐकलं. पण घरातलं थोरलं माणूस म्हणून आजी आली आणि दाराशीच बसली. तिला बाहेर जा म्हणायची माझी छाती झाली नाही. आईनं गोष्ट सुरू केली, पाऊस मागायला आभाळात गेलेल्या बेडकाची. पहिल्याच वाक्याला दानबीनं आईच्या तोंडावर हात ठेवला आणि आजीकडे पाहिलं. आईनं हात बाजूला करून रडत रडत गोष्ट पुरी केली. पोरीनं चकार शब्द काढला नाही. तपासनिसांनी लिहिलं, दोन्ही भाषांत समज नाही. आजीनं खाली सहीच्या जागी आपला शिक्का उमटवला.

नंतर दुभाष्याला निरोप द्यायला मी फाटकाशी गेले. तिथं दानबी शाळेच्या कुत्र्यापुढे उकिडवी बसून काहीतरी सांगत होती. मला एक अक्षर कळेना, पण बेडकाचं डरांव ओळखलं. दुभाषा थबकला. म्हणाला, तीच गोष्ट, काहीही गाळलेलं नाही. मी धावत तपासनिसांकडे गेले. कुत्र्याला सांगितलेलं धरता येत नाही, आता पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले. आवाज चढवला मी, आत्या. उपयोग झाला नाही.

सोमवारपासून दानबी लांबच्या बसनं जाते. तिथं दिवसभर मणी ओवायला देतात म्हणे. मला फार रडू येतं.

माझ्यावरचा लोभ थोडा तिच्याकडेही वळू दे.
तुझी यॉनसू