चार लिफाफ्यांचा महिना

हडपसर, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मीना,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर हिशेब विचारलास की मी सगळं झकास म्हणून वेळ मारून नेतो, म्हणून तू तो कागदावर मागितलास. घे, आता लाज लिहूनच पाठवतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला वीस वर्षं मागावर टॉवेल विणले, इथं लाँड्रीत हॉटेलांचे धुतलेले टॉवेल मोजतो. चार हजारांत एकाची चूक नाही. पण स्वतःच्या पगाराशी गाठ पडली की डोकं बंद. एक तारखेला भाडं, तुमचे पैसे आणि डिपॉझिटचे बाजूला काढतो. उरलेल्याचे, मागावरच्या दर शनिवारच्या पगाराच्या सवयीनं, चार लिफाफे करतो, आठवड्याला एक. तरी डिसेंबरात आणि जानेवारीत शेवटचे तीन दिवस खिशात नुसती किल्ली. खोलीतल्या पोरांना सांगितलं, पोट बिघडलंय. त्यांनी प्रेमानं ओवा आणून दिला, तेवढाच खाल्ला.

एप्रिलअखेर डिपॉझिटचे चाळीस हजार जमले तर दोन खोल्या घेऊन तुम्हा दोघींना आणायचं, नाहीतर मी मागावर परत, असं आपलं ठरलंय. पैसे चहात जात असावेत.

उधळ्या नवऱ्यावर थोडी माया राहू दे.
तुझा ईश्वर


सोलापूर
९ फेब्रुवारी

प्रतिक्षाच्या पप्पांना मीनाचा सप्रेम जयभीम.
पत्र वाचून आधी रडले, मग लई राग आला. एवढा बाप्या माणूस आणि चहा आवरत नाही? दिवसाला दोनच प्यायचे. तुम्ही पाठवता त्यात मी दोघींचं भागवते की, कुणापुढं हात पसरत नाही. दहावी झाली की अकरावी पुण्यात, असं लेक सगळ्या गल्लीला सांगून बसलीय. तिला तोंडघशी पाडू नका.

बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नका, जेवा मात्र.
तुमची मीना


पुणे
२ मार्च

प्रिय मीना,
सप्रेम जयभीम. कळवण्यास आनंद होतो की तुझा नवरा सुधारला. फेब्रुवारीत एक दिवसही उपाशी नाही. शेवटच्या लिफाफ्यात अकरा रुपये उरलेसुद्धा. त्यांचा चहा प्यालो. आता खोलीतल्या पोरांना काटकसरीवर व्याख्यान देतो. एक जण वहीत उतरवून घेतो, त्याची मला काळजी वाटते.

पोरीला पेपरांसाठी आशीर्वाद, तुझ्याकडून शाबासकीची वाट बघतो.
तुझा ईश्वर


सोलापूर
९ मार्च

प्रतिक्षाच्या पप्पांना सप्रेम जयभीम.
आधी ते व्याख्यान थांबवा. प्रतिक्षा पेपर किती उरले ते कॅलेंडरवर बघत होती, तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. पोट धरून हसली. म्हणाली, फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच होता. चारच लिफाफे केले तर इतर महिन्यांत एकोणतिसाव्या दिवसापासून पप्पांना जेवायलाच नको. आपण जन्मभर शनिवार ते शनिवार जगलो, महिना आपल्याला ठाऊकच नव्हता.

आता माझं ऐका. मीही चारच वाटे करत होते. हात पसरत नाही असं लिहिलं ते खोटं. महिना सरत आला की आम्ही दोघी सहज म्हणून ताईकडे जातो, नेमक्या जेवणाच्या वेळी. ती काही विचारत नाही, पानं वाढते. तुम्हाला उधळे म्हटलं की माझं मला बरं वाटायचं. लाज वाटते आता.

पाचवा लिफाफा डिपॉझिटच्या पैशांतून केला तर एप्रिलअखेर चाळीस हजार होत नाहीत. म्हणून ठरलेलं मीच मोडते. तुम्ही परत यायचं नाही. एकच खोली बघा, डिपॉझिट कमी लागेल. लाँड्रीत इस्त्रीला बायका घेतात का विचारा. दोन गावांत दोन चुली पेटवायच्या आणि एकोणतीस तारखेला दोन्ही गार, हे आता बास.

आमच्यावरचा जीव आहे तसा असू द्या. पेपर सतरा तारखेला संपतात. अठ्ठावीसला आम्ही येतो. एकोणतीसला तिघांचा स्वयंपाक मी करणार आहे.
तुमची मीना