क्लीनरचं पोट

शुक्र. १४ फेब्रु.

क्लीनर पुन्हा ओकला. पहाटे, डिझेलच्या पिंपाजवळ. पिवळा फेस, नंतर फेसही नाही, नुसतेच उमाळे. जुम्म्याचे कपडे घालून निघावं तर अंगणात हे. सकीना दारातून बघत होती. "मेला तर अंगण धुवायचं वाचंल." बायको असावी तर अशी.

संक्रांतीनंतर सुरू झालंय हे. दोन-चार दिवस बरा असतो, भाकरी खातो, भुंकतो, परत आडवा.

दिनू ड्रायव्हरने शिवथरहून आणलेलं पिल्लू हे. ट्रकच्या केबिनमध्ये क्लीनरच्या जागेवर बसायचं, म्हणून क्लीनर. माणूस क्लीनर माझ्याकडे एकही टिकला नाही, हा टिकला. घराला लागूनच यार्ड, बिरवाडीच्या रस्त्यावर, रात्री कोणकोण फिरतं. याच्यामुळे आजवर एक बॅटरी गेली नाही. पोराने गल्फला गेल्यापासून विचारलं नाही एवढं हा कुत्रा मला विचारतो.

डॉ. म्हणाले, जंत. मागच्या वेळीही जंतच म्हणाले होते.

रवि. १६ फेब्रु.

बरा आहे. शेपूट वर.

पलीकडच्या बाईंनी मागच्या भिंतीवरून विचारलं, "कसा आहे हो तो? परवा फार कण्हत होता." बाई निवृत्त शिक्षिका. माझ्या पोराला शिकवलं, अख्ख्या आळीच्या पोरांना शिकवलं. यजमान गेल्यापासून एकट्या. म्हटलं, कोणीतरी काहीतरी घालतंय त्याला. सापडू दे फक्त. बाई म्हणाल्या, "अरे देवा."

संशय दिनूवर. बिरवाडीच्या टपरीवरचं उरलेलं घालतो. विचारलं तर तोंड पाडून, "शेठ, मी कशाला घालू? माझाच हाय ना तो." पगार कोण देतो, ते विसरला.

शुक्र. २१ फेब्रु.

या वेळी रक्त. जुलाबात. डॉ.कडे उचलून न्यावा लागला, तीस किलोचं धूड, दिनूने पुढून, मी मागून. रक्त तपासलं. किडनीवर येतंय म्हणाले. जंत नाहीत. जंत नाहीत हे सांगायला एवढे दिवस लागले.

"याच्या पोटात बाहेरचं काहीतरी जातंय. विषच असेल असं नाही. अजून दोन-चार वेळा झालं तर मात्र मी काही करू शकणार नाही. तुमच्या हातचं सोडून कुणाचं काही खाता कामा नये त्याने."

सलाईन लावताना माझ्याकडे बघत होता. कुत्र्यासाठी रडणारी माणसं मला आवडत नाहीत. डोळे पुसले आणि डॉ.ना म्हटलं, पंखा बंद करा, धूळ उडतेय.

शनि. २२ फेब्रु.

सकीनाला विचारलं. दिनूसमोर विचारलं, ते मुद्दामच.

ती म्हणाली, "मला शिवला तर नमाजाची वजू परत करायला लागते. त्याच्यासाठी इख शिजवीत बसू काय मी?"

मी म्हटलं, तुला इख वेगळं शिजवायची गरजच नाही, तुझ्या हातचं खाऊन माणसंसुद्धा जगतायत कशीबशी. आणि असंही म्हटलं की एक मुका जीव तुझ्याच्याने बघवत नाही, म्हणून पोरगाही लांब पळाला.

दिनू ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला. दुपारी सकीनाने पिशवी भरली, पोलादपूरला भावाकडे गेली. एस. टी.ने. गाडी घरात असताना एस. टी.ने. जाताना एवढंच, "रमजान तिकडंच करीन."

कर. चोराच्या मनात... असो. घर शांत आहे.

मंगळ. २५ फेब्रु.

शिकवणी चालू आहे. क्लीनरची.

पद्धत माझी. दिनूने मटणाचा तुकडा पुढे धरायचा, मी बाजूला फॅनबेल्टचा जुना पट्टा घेऊन. तोंड लावलं की नाकाडावर. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी खाल्ला. मूर्ख. मार खात होता आणि गिळत होता. मग मीच दिलेल्या भांड्यातलं खाऊ द्यायचं, डोकं थोपटायचं. म्हणजे कळतं, कुणाचं चालतं आणि कुणाचं नाही.

आज दिनूने तुकडा खाली टाकला. "शेठ, माझ्याच्यान नाय होत. तो माझ्याकडं बघतो." म्हटलं, त्याने तुझ्याकडे बघू नये म्हणूनच चाललंय. धर, नाहीतर चावी ठेव आणि जा शिवथरला. धरला.

बुध. २६ फेब्रु.

शिकला! दिनूने हात पुढे केला, याने मान वळवली. लाळ गळत होती, पण मान वळवली. टपरीवाल्याला बोलावून बिस्किट धरायला लावलं, तरी नाही. पोस्टमनलाही धरायला लावलं. तो भिऊन भिंतीला लागला, पोस्टमन नव्हे, क्लीनर.

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. या घरात माझं कुणीतरी ऐकलं.

गुरु. २७ फेब्रु.

सापडलं.

भर दुपारी बाई फाटकाशी. हातात ताटली, वर पदर. चेहरा उतरलेला. "युसुफभाई, तुमचा कुत्रा खाईना हो. सकाळपासून तिसऱ्यांदा भिंतीशी आले. माझा उपास सुटत नाही."

कसला उपास, कसला कुत्रा, मला काही कळेना. फाटकातच सगळं सांगितलं. मुलगी मुग्धा पुण्याला, दिवस गेलेत. आधीची दोन गेली. संक्रांतीला बाईंनी दत्ताला नवस बोलला, की बाळ सुखरूप हातात येईपर्यंत दर गुरुवारी माझ्या हातून कुत्र्याला शिऱ्याचा नैवेद्य, मग मी तोंडात पाणी घेईन. रस्त्यावरची कुत्री गटारातली, म्हणून आमचा क्लीनर. मागच्या भिंतीवरून. मला विचारलं नाही, कारण "तुमच्याकडे चालेल की नाही, कसं विचारायचं."

शिऱ्यात काय घालता? तूप, केळं, वेलची. "आणि मूठभर मनुका. मुग्धाला आवडतात."

डॉ.ना तिथेच फोन लावला, स्पीकरवर. मनुका म्हटल्याबरोबर डॉ. ओरडलेच. "द्राक्षं, मनुका कुत्र्याला अजिबात नाही! किडनी जाते. कोण घालतंय? गुरुवारी? अहो, मग तुम्ही शुक्रवारीच घेऊन येता की त्याला!"

खरंच की. दर जुम्म्याला मीच वैतागत होतो आणि मलाच दिसलं नाही.

बाईंनी ताटली मागे ओढली. "मला माहीत नव्हतं हो. पोरांना आपण देतो, पौष्टिक म्हणून..." मी म्हटलं, शाळेत विज्ञान तुम्हीच शिकवायचात ना? वर म्हटलं, तुमच्या दत्ताचा हिशेब बरा आहे बाई, एक नात द्यायची आणि एक कुत्रं न्यायचं.

हे बोलायला नको होतं हे बोलतानाच कळलं. बोललो.

"पुढच्या गुरुवारी मनुका काढून आणते." मी म्हटलं, माझ्या कुत्र्याला तुमचं काहीच नको. गावात कुत्र्यांना तोटा नाही. फाटक लावलं. त्यांना ऐकू जाईल असं लावलं.

शनि. १ मार्च

काल जुम्मा. उलटी नाही, जुलाब नाही. अंगण कोरडं.

सकीनाला फोन केला. कारण सापडलं म्हटलं, बाई शिरा घालत होत्या. ती म्हणाली, "मला ठाव व्हता. भिंतीवरनं बघत व्हते मी." मी ओरडलो, मग बोलली का नाहीस? "शिऱ्यानं कुत्रा आजारी पडतो हे मला काय ठाव? बाईंचा उपास. सांगितला असता तर तुमी त्यांना काय बोलला असता, ते ठाव व्हता." आणि मी तुला विचारलं तेव्हा? "तुमी विचारलात कुठं? सांगितलात."

फोन तिनेच ठेवला. उद्यापासून रोजे. ये असं म्हणायचं होतं, राहिलं.

गुरु. ६ मार्च

बाईंनी गटाराजवळच्या लंगड्या कुत्र्याला शिरा घातला. वरच्या खिडकीतून बघितलं. त्याने शिरा खाल्ला, ताटलीही ओढून नेली. बाई त्याच्यामागे चार पावलं गेल्या, मग थांबल्या. हसू आलं. एकटाच हसलो. संध्याकाळी इफ्तारला एकटाच खजूर घेऊन बसलो, तेव्हा नाही आलं हसू.

रवि. ९ मार्च

दिनू बाईंचा सिलिंडर चढवून आला. म्हणाला, मुग्धाला शुक्रवारी दवाखान्यात ठेवली. रक्तदाब. बाई गेल्या नाहीत पुण्याला? दिनू म्हणाला, बोलावलं नाही. सासू म्हणते, मागच्या दोन्ही वेळी आई जवळ होती, या वेळी नको.

बायका बायकांना कसं मारतात बघा. रक्त निघत नाही. पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलतोय.

गुरु. १३ मार्च

बाई परत फाटकाशी. ताटलीत नुसता शिरा. "मनुका नाहीत, बघा, हवं तर चिवडून बघा. नवस क्लीनरवरच सुरू केला होता. मध्येच दुसऱ्याला दिला, आणि दुसऱ्या दिवशी मुग्धाला न्यावं लागलं. युसुफभाई, एकदाच."

मी म्हटलं, रोजा आहे, डोकं दुखतंय, नंतर बघू. नंतर बघितलं नाही. त्या उन्हात उभ्या राहिल्या, मग दिसेनाशा झाल्या. क्लीनर फाटकाच्या आतून त्यांच्याकडे बघत होता, शेपूट हलवत. मला तेव्हा दया आली नाही. आता लिहिताना येतेय, तीही थोडीच.

बुध. १९ मार्च

सकीनाचा फोन. दिनूने सांगितलंय तिला सगळं. त्याला बघतो. "बाई गुरुवारपासनं नीट जेवल्या नायत. तुमचा काय जातो हो? कुत्र्याचा जातो तोही नाय आता." डॉ.ना विचारलं. बिनमनुकांचा, चमचाभर, काही होत नाही म्हणाले.

जाऊन बाईंना सांगितलं, उद्या या. त्यांनी हात जोडले. मी मोठेपणाने मान हलवली.

गुरु. २० मार्च

आज गाड्या बाहेर काढल्या नाहीत. सत्याग्रहाचा दिवस, चवदार तळ्यावर माणसं लोटलीत, सगळे रस्ते बसनी भरलेत. दिनूला सुट्टी. यार्डात मी आणि क्लीनर.

बाई सकाळी लवकर आल्या. मुग्धाला ऑपरेशनला घेतायत. दिवस भरायला अवकाश आहे, पण थांबता येणार नाही म्हणतात. जावयाने मेसेज टाकला, फोन नाही केला. बाईंनी ताटली जमिनीवर ठेवली नाही, हातावर घास घेऊन खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे.

क्लीनर उड्या मारत गेला, वास घेतला. आणि माझ्याकडे बघितलं.

खा, म्हटलं. खा रे. तो पोटावर सपाट झाला, कान मागे. खा म्हणून पुढे झालो, तर त्याने मुतलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही आत जा, तुम्हाला भितोय." गेलो. दाराच्या फटीतून बघितलं. तसाच पडून होता, घासाकडे बघत, लाळ गळत.

बाहेर येऊन म्हटलं, मी भरवतो, माझ्या हातून खाईल. "नाही. माझ्याच हातून पाहिजे. तसंच बोललेय मी."

मग विचारलं, "काय केलंत तुम्ही याला?" सांगितलं. मटण, पट्टा, दिनू, सगळं. मला वाटलं बाई आता बोलतील, बोलावंच त्यांनी. पोरांना कधी छडी लावली नाही म्हणून आळीत नाव आहे त्यांचं.

त्यांनी फोन बघितला. काही नव्हतं. मग म्हणाल्या, "मारून शिकला ना? मग मारून विसरेल. मारा."

मी म्हटलं, बाई.

"मारा, युसुफभाई. माझी मुलगी टेबलावर आहे."

मारला. मारण्याने रोजा तुटतो का, कुणाला विचारलेलं नाही. न खाण्यासाठी मारलं होतं त्याच पट्ट्याने खाण्यासाठी मारला. तो ओरडला नाही. कोणता हुकूम पाळायचा ते त्याला कळेना, माझे पाय चाटायला आला. परत मारला तेव्हा ट्रकखाली शिरला, मागच्या चाकाआड. बाई म्हणाल्या, "अजून एकदा." माझा हात उठेना. पट्टा टाकला आणि आत आलो.

सकीनाला फोन लावला. उचलत नाही.

हे लिहितोय. बाहेर बाई ट्रकखाली वाकून हाका मारतायत, वर्गात हजेरी घ्यायच्या त्या आवाजात. क्लीनर. क्लीनर, बाळा, ये. घास अजून त्यांच्या हातावरच असेल.

आता हाका थांबल्यात. पावलं दाराशी आलीत.

"युसुफभाई, तो पट्टा कुठे टाकलात?"