‘विचारले’चं इंग्रजी

सिस्टर, १२ ऑगस्ट २००९, बुधवार, दुपारचे साडेतीन. त्या वेळी मी एका माणसाला तुरुंगात पक्का केला, खांदा कॉलनीतल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून आणि तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीत. तुम्हाला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, तरी तुमचा वाटा मी सोडणार नाही.

निवृत्तीनंतर मी इथल्या एका वकिलांना मराठी कागदांचं इंग्रजी करून देते. गव्हाणचा एक जण, कमरेला बांधलेला चरस, दहा वर्षांची शिक्षा. हायकोर्टातल्या अपिलासाठी त्याचा पंचनामा माझ्याकडे आला. त्यात होतं, ‘झडती मोठ्या अधिकाऱ्यासमोर हवी का, असे विचारले.’ एवढंच. तशी झडती मागणं हा त्याचा हक्क आहे, हे पोलिसांनी त्याला स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर शिक्षा टिकणं कठीण. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त ‘आस्क्ड’ हा शब्द दरिद्री वाटला. सातवीच्या वर्गात मी उभी आहे, तुमची लाल पेन्सिल माझ्या निबंधावर फिरते आहे. “आस्क्ड, आस्क्ड! बाजारात भाव विचारतेस का?” वर्ग हसतो. म्हणून मी लिहिलं, ‘ड्युली इन्फॉर्म्ड ऑफ हिज राइट’. हक्क रीतसर सांगितला!

अपील फेटाळलं. “मुद्दाच उरला नाही, मॅडम,” वकील म्हणाले. मूळ मराठी त्यांनी उघडलंच नव्हतं. काल त्याची आई आली. खुर्चीवर बसेना, दाराशीच टेकली. “बाई, पोर सांगतं, त्याला नुसतं इचारलं. हक्काचं कोन बोललंच नाय. मंग कागदात आलं कुटून?”

“कोर्टाच्या भाषेत तसंच लिहितात,” मी म्हटलं.

“तुमी शिकलेल्या. तुमी बोलता म्हंजे तसंच आसंल.” आणि ती गेली. त्याची अजून सहा वर्षं उरली आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. न्यायाधीशांनी माझं वाक्य निकालात जसंच्या तसं उतरवलं आहे. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला होता.

सोमवारी दिल्लीच्या अपिलाला वकील तेच भाषांतर जोडतील. त्याआधी कळवा, तो शब्द तुमचा की माझा? तुमचं लेखी उत्तर आलं नाही, तर चूक माझी एकटीची, असं मी वकिलांना सहीनिशी लिहून देणार आहे. मुदत रविवार, संध्याकाळी सहा.